शेजारी कंपनी, घरात आजार: खरंच प्रदूषणामुळे होतंय का हे गावाने कसं शोधायचं

एमआयडीसीला लागून असलेल्या कुठल्याही गावात जा, दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. गावातले म्हणतात कंपनी आल्यापासून सगळेच आजारी, आणि कंपनीचे साहेब म्हणतात लोक तंबाखू खातात, बिड्या ओढतात, त्याला आम्ही काय करणार. मोजलेलं दोघांकडेही काही नसतं. आणि मोजलेलं नसलं की ज्याचा वकील मोठा त्याचं खरं ठरतं, तो वकील गावाकडे कधीच नसतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय. हे काम ग्रामपंचायत सदस्य, आशाताई, युनियनवाले, कॉलेजची पोरं कुणीही सुरू करू शकतं, डॉक्टर आणि लॅब लागतात पण त्या नंतर.

आणि "नंतर" हेच सगळ्यात आधी सांगायचंय. लोक पहिलं काय करतात तर वर्गणी काढतात, विहिरीचं पाणी बाटलीत भरतात आणि लॅबला पाठवतात. आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट येतो, पीएच ठीक, टीडीएस ठीक, क्लोराईड ठीक, पाणी पिण्यायोग्य. तो कागद कंपनी फ्रेम करून ठेवते आणि गावाचा विषय तिथेच संपतो. आता गंमत नाही सांगत, हे खूप ठिकाणी झालंय. लॅब फक्त तेच शोधते जे तुम्ही शोधायला सांगता, पाण्याच्या साध्या टेस्टमध्ये सॉल्व्हंट (थिनरसारखी उडून जाणारी द्रव केमिकल) दिसत नाही, कीटकनाशक दिसत नाही, पारा दिसत नाही, त्यासाठी वेगळी टेस्ट, वेगळी बाटली, वेगळे पैसे. मग काय शोधायला सांगायचं हे कोण सांगणार? ते सांगतात आजारी माणसं, आणि कंपनीची स्वतःची कागदपत्रं. म्हणून क्रम असा धरा, आधी माणसं मोजा, मग कागद काढा, मग बाटली भरा.

प्रश्न छोटा करा

"प्रदूषणामुळे लोक आजारी पडतात का" या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. "नाल्याच्या खालच्या अंगाच्या दोन वाड्यांमधल्या १४ वर्षांखालच्या मुलांना वरच्या अंगाच्या वाडीपेक्षा अंगावर पुरळ-खाज जास्त होते का" याला देता येतं. कोणता आजार, कोण माणसं, कुठली जागा, कधीपासून, या चारही गोष्टी एका कागदावर लिहून काढा आणि तारीख टाकून सगळ्यांनी सह्या करा. सही कशाला, तर नंतर मोह होतो. सर्वे करता करता पलीकडच्या वस्तीत दोन पेशंट सापडतात आणि वाटतं ही पण वस्ती घेऊ, मग तिसरी नको कारण तिथे कुणी आजारी नाही. पेशंट बघून हद्द आखली तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात कुठलाही आजार "वाढलेला" दाखवता येतो, आणि समोरचा तज्ज्ञ पहिल्या पाच मिनिटांत हेच पकडतो.

आजाराची व्याख्या पण तशीच पक्की हवी. "दमा आहे का" असं विचारू नका, निम्म्या लोकांना डॉक्टरने दमा हा शब्दच सांगितलेला नसतो, नुसता पंप दिलेला असतो. "मावशी, गेल्या बारा महिन्यांत कधी छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का? रात्री दम लागून उठायला झालं का? किती वेळा?" असं विचारायचं. मुंबईत माहुल-अंबापाडा भागात, रिफायनऱ्या आणि केमिकलच्या टाक्यांच्या शेजारी, केईएम हॉस्पिटलने २०१३ मध्ये जो सर्वे केला त्यात महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागतो का असं मोजलं होतं, आणि सुमारे ६७ टक्के लोकांनी हो सांगितलं. "खूप लोकांना त्रास आहे" यापेक्षा हे वाक्य किती वेगळं वाटतं बघा. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायालयाने, तिथल्या लोकांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा असली मोजणी हाताशी होती.

कॅन्सरबद्दल थोडं जास्त सांगते कारण सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. कॅन्सर हा एक आजार नाही. गावात पाच वर्षांत आठ जणांना कॅन्सर झाला, त्यात तीन तोंडाचे, दोन स्तनाचे, एक गर्भाशयमुखाचा, एक पोटाचा, एक रक्ताचा, तर हे आकडे ऐकायला भयंकर वाटतात पण एका कारणाकडे बोट दाखवत नाहीत, तोंडाचा तर आपल्याकडे तंबाखू-मिश्रीनेच जास्त होतो. याउलट एकच, दुर्मिळ प्रकार पुन्हा पुन्हा दिसला तर दोन-तीन केसपण पुरतात. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात पीव्हीसी बनवणाऱ्या एका कारखान्यात यकृताचा अँजिओसार्कोमा हा अगदी क्वचित होणारा कॅन्सर मोजक्या कामगारांना झाला, तिथल्या डॉक्टरला तेवढ्यावरूनच शंका आली आणि १९७४ मध्ये पीव्हीसी ज्यापासून बनतं तो व्हिनाईल क्लोराईड वायू कॅन्सर करतो हे जगासमोर आलं. फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कॅन्सर तसाच, दिसला की आधी विचारायचं, अॅस्बेस्टॉसशी (सिमेंटच्या पत्र्यांत वापरतात ते तंतूंचं खनिज) कधी संबंध आला होता का. आणि आपल्या भागात कुठला कॅन्सर साधारण किती असतो हे बघायचं असेल तर कॅन्सर रजिस्ट्रीचे, म्हणजे त्या भागातल्या कॅन्सर पेशंटच्या नोंदवहीचे, अहवाल असतात, मुंबईची १९६३ पासूनची आहे आणि सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण रजिस्ट्री आहे, देशातली पहिली. शहरातल्या आकड्याशी खेड्याची तुलना करू नका, बार्शीचा आकडा तुमच्या जास्त जवळचा.

वेळेचं गणित पण आत्ताच करून टाका. गॅस लागला तर त्रास मिनिटा-तासांत, कातडीचा त्रास दिवसा-आठवड्यांत, सिलिकोसिस, म्हणजे दगड-वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने फुफ्फुस खराब होणं, साधारण दहा वर्षं धुळीत काढल्यावर, अॅस्बेस्टॉसचा कॅन्सर वीस ते चाळीस वर्षांनी. कंपनी तीन वर्षांपूर्वी सुरू झाली असेल आणि गेल्या वर्षी कुणाला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला असेल तर तो त्या कंपनीमुळे नाही, आणि हे त्या घरच्यांना समजावून सांगायची हिंमत तुमच्यात पाहिजे. कारण आधी येतं, आजार नंतर. कारण ठरवायच्या बाकी सगळ्या निकषांवर वाद घालता येतो, यावर येत नाही.

जे आजारी नाहीत त्यांना मोजा

मला या सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायला सांगितलं तर मी हे सांगेन. आजाऱ्यांची यादी कुणीही करतं. पण वीस आजारी हे शंभरातले वीस की दोन हजारातले वीस, हे कळल्याशिवाय त्या वीसला काही अर्थ नाही. म्हणून प्रत्येक घरात जायचं, "आमच्याकडे कुणाला काही नाही" म्हणणाऱ्या घरातही बसायचं, त्यांचेही सगळे प्रश्न भरायचे. कुलूप असलेल्या घराला परत जायचं. आणि दुसरं एक गाव घ्यायचं, कंपनीपासून लांब, वाऱ्याच्या आणि पाण्याच्या दिशेच्या बाहेर, पण बाकी सगळं तुमच्यासारखं, तशीच शेती-मजुरी, तशाच चुली, तेवढीच गरिबी, तसाच दवाखाना. तिथे तेच प्रश्न, त्याच मुलांनी, त्याच महिन्यात विचारायचे. ऊस पट्ट्यातलं गाव आणि कोरडवाहू गाव असं जोडू नका, फवारणीचं प्रमाणच वेगळं असतं. आणि हे दुसरं गाव सोडून देण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो कारण तिथे मेहनत आहे आणि तिथल्या लोकांना तुमच्या भांडणाशी देणंघेणं नसतं, पण ते गाव नसेल तर तुमच्या हातात फक्त तक्रार असते.

एकाच गावात पण ही नजर ठेवा. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला तेव्हा जॉन स्नोने ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती मेलेल्यांचा नकाशा काढला हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्याने पंपाजवळ राहूनही न मेलेले लोक शोधले हे फार कुणी सांगत नाही. शेजारीच बिअरचा कारखाना होता, तिथल्या कामगारांना काही झालं नव्हतं, कारण ते तो पंप वापरतच नव्हते, कारखान्याची स्वतःची विहीर होती आणि प्यायला बिअर मिळायची. आणि लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई मात्र कॉलऱ्याने गेली, तिला त्याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती तिकडून मागवून घ्यायची. तुमच्या गल्लीत मधलंच एक घर धडधाकट असेल तर तिथे जास्त वेळ बसा. त्यांचा बोअर वेगळा आहे का, ते जारचं पाणी घेतात का, दिवसभर शेतावर असतात का.

आता प्रश्नावली. वय, बाई की पुरुष, इथे किती वर्षं राहतो, आत्ता काय काम आणि याआधीची सगळी कामं, अगदी दहा वर्षांपूर्वी क्रशरवर सहा महिने केलं असेल तेही. बिडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री. चूल की गॅस, आणि गॅस असला तरी आंघोळीचं पाणी कशावर तापतं ते विचारा, बऱ्याच घरांत ते चुलीवरच. प्यायचं पाणी कुठलं, धुणी-भांडी-आंघोळीचं कुठलं, गुरांना कुठलं, गुरं आजारी पडली का, मेली का. पूर्वी टीबी झाला होता का. घरात गेल्या पाच वर्षांत कुणी वारलं का आणि कशाने. क्रम महत्त्वाचा आहे, आधी आजाराचे प्रश्न आणि मग पाणी-धूर-कंपनीचे, कारण सुरुवातीलाच कंपनीचं नाव काढलं की माणूस रागाच्या भरात सगळ्याला हो म्हणतो, किंवा पोरगा तिथे कामाला असेल तर सगळ्याला नाही म्हणतो. लोक खोटं बोलतात असं नाही, आठवण अशीच चालते, म्हणूनच दवाखान्याचे कागद, गोळ्यांची पाकिटं, एक्स-रे बघायला मागायचे. गर्भपाताचे, पाळीचे प्रश्न बाईनेच विचारायचे, बाकी कुणी समोर नसताना.

सर्वे कशासाठी आहे हे घरच्यांना खरं सांगायचं, त्यांनी हो म्हटलं तरच पुढे जायचं, नाही म्हटलं तर नाव न ठेवता "नकार" अशी नोंद. फॉर्मवर नाव नको, नंबर टाका, नंबर आणि नावाची वही वेगळी, एकाच माणसाकडे, कुलपात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर भरलेले फॉर्म टाकायचे नाहीत. एखाद्या मुलीच्या लग्नाचा, एखाद्याच्या नोकरीचा प्रश्न असतो, आपल्या उत्साहापायी त्यांचं नुकसान व्हायला नको.

मोजणीत जे दिसत नाहीत ते

आजारी पडलेला कंत्राटी कामगार कंपनीत राहत नाही, तो गावी निघून जातो, कधी यूपी-बिहारला, कधी मराठवाड्यात. त्यामुळे आज कामावर असलेल्यांना तपासलं तर सगळे ठणठणीत दिसतात आणि कंपनी म्हणते बघा. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-आलिराजपूर भागातले आदिवासी मजूर गुजरातेत गोध्र्याकडे क्वार्ट्झ दगड दळणाऱ्या कारखान्यांत जायचे, परत यायचे ते खोकत, आणि तरुणपणीच मरायचे. कारखाना एका राज्यात आणि मरण दुसऱ्या राज्यात, कुठल्याच रजिस्टरला दोन्ही टोकं जुळत नव्हती. स्थानिक संघटनांनी घरोघर जाऊन कोण कुठल्या कारखान्यात किती महिने होता आणि कधी वारला याच्या याद्या केल्या तेव्हा चित्र उभं राहिलं. धूळ इतकी बारीक आणि इतकी दाट होती की दहा वर्षं लागलीच नाहीत, काही महिने काम केलेलेही गेले. मानवाधिकार आयोगापासून सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं आणि २०१६ मध्ये कोर्टाने गुजरात सरकारला २३८ मृत मजुरांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला सांगितले. त्या याद्या नसत्या तर काय झालं असतं याचा विचार करा. म्हणून माजी कामगार शोधा, जुने हजेरीचे पास, ईएसआयसीची कार्डं, पीएफचे कागद, मुकादमाची वही, जे मिळेल ते.

यातल्या कितीतरी जणांवर टीबीचे उपचार झालेले असतात, दोन-दोन तीन-तीन वेळा. एक्स-रेवर सिलिकोसिस टीबीसारखा दिसतो, शिवाय छातीत सिलिकाची धूळ गेलेल्याला टीबी होतोही लवकर, आणि सरकारी दवाखान्यात डॉक्टरला दिवसाला शंभर पेशंट, "काय काम करतोस" हे विचारायला वेळ कुठे. बेडक्यात जंतू सापडत नाहीत, टीबीच्या गोळ्यांनी फरक नाही, आणि माणूस दगड, वाळू, काच, फाउंड्री, सिरॅमिक यातल्या कामावर होता, असं असेल तर ते नाव वेगळं लिहा आणि छातीच्या डॉक्टरकडे घेऊन जा, केसपेपरवर कामाचा इतिहास लिहून मागा. सिलिकोसिस, अॅस्बेस्टॉसिस (अॅस्बेस्टॉसच्या धुळीचा), बिसिनोसिस (कापसाच्या धुळीचा), शिसं-पाऱ्याची विषबाधा, आवाजाने येणारा बहिरेपणा हे सगळे नोटिफायेबल आजार आहेत, १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात यादी होती आणि कामाच्या जागेच्या सुरक्षा-आरोग्याच्या नव्या कायद्यात, ओएसएच कोडमध्येही आहे, डॉक्टरला असा पेशंट दिसला तर सरकारला कळवणं बंधनकारक आहे. अॅस्बेस्टॉसच्या कामगारांचं हेल्थ रेकॉर्ड कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सोडल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतरचं असेल तोपर्यंत ठेवायचं असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय. ते रेकॉर्ड मागा.

कामाच्या जागेसाठी सगळ्यात साधी आणि सगळ्यात जोरदार युक्ती म्हणजे सुट्टी. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस, गिरणगावातल्या कितीतरी घरांनी बघितलाय, त्याची खूणच ही की साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते आणि आठवडा पुढे सरकतो तसं कमी होतं. केमिकलमुळे होणारा दमा बरेचदा उलटा, आठवडाभर वाढत जातो आणि सुट्टीत, दिवाळीच्या शटडाऊनमध्ये, गावी गेल्यावर कमी होतो. पीक फ्लो मीटर नावाची प्लॅस्टिकची नळी मेडिकलमध्ये हजार रुपयांच्या आत मिळते, कामगाराने दिवसातून चार वेळा, कामाच्या आणि सुट्टीच्या दोन्ही दिवशी, दोन-चार आठवडे फुंकून आकडा वहीत लिहिला तर छातीच्या डॉक्टरला त्यातून खूप कळतं. प्रत्येक वेळी तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा.

नकाशा आणि वासाची वही

ग्रामपंचायतीतून गावाचा नकाशा घ्या, मोठा झेरॉक्स काढा, घरं, विहिरी, बोअर, नाला, कंपनीची चिमणी, सांडपाण्याचा पाइप, टँकर रिकामे होतात ती जागा सगळं टाका आणि मग आजारी घरांवर टिकली लावा. वाऱ्याची दिशा ऋतूप्रमाणे बदलते, पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैऋत्येकडून, हिवाळ्यात बहुतेक ठिकाणी ईशान्य-पूर्वेकडून, म्हणजे जूनमध्ये ज्या वाडीला त्रास तिलाच जानेवारीत नसेल, आणि तसं दिसलं तर तो मोठा धागा आहे. हिवाळ्यात रात्री-पहाटे थंड हवा खाली बसते आणि धूर वर जात नाही, म्हणून पहाटेचा त्रास वेगळा लिहा.

वासाची वही प्रत्येक वाडीत दोन-तीन घरांनी ठेवायची. तारीख, वेळ, किती वेळ, वारा कुठून, वास कसला, सडक्या अंड्यासारखा की थिनरसारखा की कोबी कुजल्यासारखा, आणि त्यावेळी काय झालं, डोळे चुरचुरले, मळमळलं, पोरगं खोकलं. तमिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीभोवतीच्या गावकऱ्यांनी अशाच नोंदी ठेवल्या आणि साध्या बादलीतल्या पिशवीत हवा भरून ती तपासून घेतली, २००४ मध्ये त्यांनी काढलेल्या नमुन्यांत विषारी वायू सापडले आणि तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला दखल घ्यावी लागली. नुसतं "रात्री वास येतो" यावर अधिकारी दुपारी येऊन जातो. "गेल्या दोन महिन्यांत बहुतेक शनिवारी रात्री एक ते तीन" असं लिहिलेलं असलं तर त्याच वेळी येणं त्याला टाळता येत नाही.

हवेचे सरकारी आकडे बघा पण त्यांच्यावर विसंबू नका. स्टेशन शहरात असतं, तुमच्यापासून लांब, आणि तिथे मोजतात ती मुख्यतः धूळ आणि ठरावीक वायू, तुमच्या कंपनीतून निघणारं केमिकल त्यात नसेलच. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक भागांना गुण दिले त्यात चंद्रपूरला ८३.८८, डोंबिवलीला ७८.४१, ७० च्या वर म्हणजे अतिप्रदूषित. हे अर्जात जरूर लिहा, पण हा आजाराचा पुरावा नाही, तो तुमचा सर्वेच देणार.

कागद

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कंपनीला दिलेलं संमतिपत्र मिळवा. त्यात काय बनवायची परवानगी आहे, किती, सांडपाणी किती, कुठे सोडायचं, चिमणी किती उंच, सगळं असतं. १९७४ च्या पाणी कायद्यात कलम २५ खाली मंडळाला याचं रजिस्टर ठेवावं लागतं आणि संबंधित माणसाला ते बघता येतं. दुसरं, पर्यावरण विवरणपत्र, फॉर्म ५, कंपनीने दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत द्यायचं असतं, त्यात कच्चा माल, पाणी, घातक कचरा यांचे आकडे कंपनीने स्वतः लिहिलेले असतात. ज्यांना पर्यावरण मंजुरी लागते त्यांचे सहामाही अनुपालन अहवाल, म्हणजे मंजुरीच्या अटी पाळल्या का याचे अहवाल, असतात. ऑनलाइन नाही मिळालं तर माहिती अधिकार, दहा रुपये, तीस दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द असा नियम आहे म्हणून पाच गोष्टी हव्यात तर पाच अर्ज करा, आणि "प्रदूषणाची माहिती द्या" असं न लिहिता "अमुक कंपनीचं अमुक वर्षाचं फॉर्म ५ ची प्रत" असं लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

आतल्या कामगाराला ड्रमवरचं लेबल वाचून नाव लिहून आणायला सांगा, त्याची नोकरी जाणार नाही याची काळजी घेऊन. प्रत्येक केमिकलचं सेफ्टी डेटा शीट असतं, त्यात कुठल्या अवयवाला काय होतं हे लिहिलेलं असतं. आता तुमच्याकडे दोन याद्या झाल्या, एक लोकांच्या त्रासाची आणि एक कंपनीच्या केमिकलची. जिथे जुळतात तिथेच लॅबचा पैसा घालायचा.

आता बाटली

एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली लॅब घ्या आणि आधी फोन करून विचारा, या या केमिकलसाठी कुठली बाटली, काय टाकायचं, किती तासांत पोचवायचं. जड धातूंसाठी प्लॅस्टिकची बाटली आणि त्यात नायट्रिक अॅसिड लॅबच देते, सॉल्व्हंटसाठी छोटी काचेची बाटली काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडासुद्धा राहता कामा नये, नाहीतर जे शोधायचं तेच उडून जातं. बर्फाच्या डब्यात न्यायचं. फक्त खराब विहिरीचं नको, नाल्याच्या वरच्या अंगाचं, खालच्या अंगाचं आणि तुलनेच्या गावाचंही. बाटलीवर जागेचं नाव न टाकता नंबर टाका, आणि एका विहिरीच्या दोन बाटल्या वेगळ्या नंबरने पाठवा, दोन्हींचे आकडे जवळपास आले तर लॅबवर भरवसा ठेवता येतो. भरताना व्हिडिओ, लोकेशन, वेळ, दोन साक्षीदारांच्या सह्या, सील. मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, कारण पावसाने पातळ होतं किंवा कधी कधी उलट जमिनीत मुरलेलं वर येतं.

निकाल भारतीय मानकाशी ताडून बघा. फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, नायट्रेट ४५, शिसं आणि आर्सेनिक ०.०१. आणि इथे प्रामाणिक राहायचं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराईड खडकातूनच येतं, दात पिवळे-तपकिरी आणि सांधे आखडलेले दिसले तर त्याला कारण कंपनी असेलच असं नाही. नायट्रेट बरेचदा युरिया आणि संडासाच्या खड्ड्यातून. उत्तर कंपनी नसलं तरी पाणी बदलायला पाहिजे हे तर कळलंच, ते काम लगेच करा.

रक्त-लघवीच्या तपासण्या स्वतःच्या डोक्याने करू नका, डॉक्टर आणि मेडिकल कॉलेज सोबत असेल तरच, कारण निकाल आल्यावर त्या माणसाचं पुढे काय करायचं याची जबाबदारी येते. एकच अपवाद, फवारणीची विषबाधा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात गेले आणि वीसहून जास्त जीव गेले. ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातल्या औषधाची बाधा असेल तर कोलिनेस्टरेजची (या औषधाने बंद पडणारं रक्तातलं एन्झाइम) रक्ततपासणी तेव्हाच, उपचार सुरू असतानाच व्हायला हवी, दोन महिन्यांनी सर्वे करून ती सापडत नाही. नातेवाइकांनी दवाखान्यात तिथल्या तिथे मागायची आणि फवारलेल्या औषधाचे रिकामे डबे फेकायचे नाहीत.

आकडे

समजा कंपनीजवळच्या वाडीत ४०० मोठी माणसं, त्यातल्या ६० जणांना तुमच्या व्याख्येप्रमाणे दम्याचा त्रास, म्हणजे शंभरात १५. तुलनेच्या गावात ५०० पैकी २५, शंभरात ५. तिप्पट झालं. पण लगेच पत्रकार बोलवू नका, आता बिडी ओढणारे बाजूला काढा. जवळच्या वाडीत ओढणारे १०० त्यातले ३० आजारी, न ओढणारे ३०० त्यातले ३० आजारी. लांबच्या गावात ओढणारे १०० त्यातले १५, न ओढणारे ४०० त्यातले १०. म्हणजे ओढणाऱ्यांत दुप्पट आणि न ओढणाऱ्यांत चौपट. आता साहेब बिडीचं नाव काढू शकत नाहीत, कारण बिडी बाजूला ठेवूनही फरक राहिलाय. हेच वयाप्रमाणे करा, हेच चुलीप्रमाणे करा. मग जवळ, मध्यम, लांब अशी तीन अंतरं करून बघा, त्रास पायरीपायरीने उतरतो का. मात्र २ विरुद्ध १ याला दुप्पट म्हणायचं नाही, आकडे लहान असले की योगायोगाने पण असे फरक पडतात. या टप्प्यावर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागात जा, तिथल्या लोकांना हेच शिकवलेलं असतं, तुम्ही भरलेले फॉर्म घेऊन गेलात तर बहुतेक वेळा मदत करतात. कामाच्या आजारासाठी अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्था आहे.

"संबंध दिसतो पण कारण सिद्ध झालं का" हे वाक्य तुम्हाला शंभर वेळा ऐकवलं जाईल. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिलने १९६५ मध्ये यासाठी नऊ बाजू सांगितल्या, संबंध किती जोरदार, दुसरीकडे पण तसंच दिसतं का, कारण आधी की आजार आधी, जास्त संपर्क तर जास्त आजार का, संपर्क थांबवला तर कमी होतं का, शरीरशास्त्रात बसतं का वगैरे. पण त्यानेच शेवटी हेही सांगितलं की विज्ञान नेहमीच अपुरं असतं, म्हणून आज जे माहीत आहे त्यावर कृती पुढे ढकलायचा परवाना मिळत नाही. जपानमध्ये मिनामाताला काय झालं बघा. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली, मांजरं वेड्यासारखी नाचून मरत होती, मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या घरात लुळी-पांगळी मुलं जन्मत होती. १९५९ मध्ये चिसो कंपनीच्या स्वतःच्या डॉक्टरने कारखान्याचं सांडपाणी मांजराला खायला घालून तोच आजार होतो हे दाखवलं आणि कंपनीने ते दाबून ठेवलं. सरकारने पाऱ्याचं कारण मान्य केलं १९६८ मध्ये. मधली बारा वर्षं "अजून सिद्ध झालं नाही" यात गेली आणि लोक मासे खात राहिले.

निकाल घेऊन कुठे जायचं

आधी गावात. ज्या घरांनी उत्तरं दिली त्यांना ग्रामसभेत साध्या भाषेत, नावं न घेता, काय सापडलं आणि काय नाही सापडलं दोन्ही सांगा. गावातले वीस-पंचवीस जण त्याच कंपनीत कामाला असतात, त्यांना पेपरमधून कळलं तर गावाचे दोन तट पडतात आणि मग कंपनीला काही करावंच लागत नाही. मग लेखी निवेदन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला, कामगारांचा विषय असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, प्रत्येक ठिकाणी पोच घेऊन. मागणी नेमकी लिहा, अमुक विहिरी बंद करून टँकर-नळाचं पाणी, अमुक पाइपची तपासणी रात्री, अमुक कामगारांची फुफ्फुसांची तपासणी.

हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, महाराष्ट्र-गोवा-गुजरात त्यात येतं. वाद मांडायला कारण घडल्यापासून सहा महिने आणि भरपाई मागायला पाच वर्षं अशी मुदत आहे, त्यामुळे सर्वे पूर्ण व्हायची वाट बघत मुदत घालवू नका, वकिलाला सुरुवातीलाच एकदा भेटून घ्या. आणि मूळ फॉर्म, वासाच्या वह्या, लॅबचे रिपोर्ट यांचे तीन संच करून तीन वेगळ्या घरांत ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, तीच घरं, तेच प्रश्न परत भरा, कंपनीने काही सुधारलं असेल तर आजारही कमी झालेला त्याच फॉर्मवर दिसायला पाहिजे.